बिनफ्लेक्सचं अधिवेशन: नाशिकच्या दोन दिवसांचा हिशेब

18 आणि 19 जानेवारी 2025 ला, शनिवार-रविवारी, नाशिकला आमच्या शिक्षकमंडळाचं राज्य अधिवेशन झालं. नोंदणी चारशेची, प्रत्यक्ष आले तीनशे बहात्तर. यजमानपद आमच्या जिल्ह्याकडे होतं आणि हे अधिवेशन शक्य तितकं कमी कचऱ्याचं, कमी इंधनाचं करायचं असं आम्ही ठरवलं होतं. त्यानंतर सात-आठ जिल्ह्यांतून फोन आले. सगळ्यांचा प्रश्न एकच: "मॅडम, सुरुवात कुठून करायची?" प्रत्येकाला फोनवर तेच सांगण्यापेक्षा सगळं क्रमाने लिहून ठेवते आहे, खर्चासकट आणि अर्जांसकट.

एक गोष्ट आधीच सांगते, कारण ती कळायला आम्हाला बराच वेळ लागला. अधिवेशनाच्या दिवशी भिंतीवर 'कचरा कचरापेटीतच टाका' लावून फार काही होत नाही. किती कचरा होणार हे त्याआधी तीन-चार महिने, परिपत्रकात आणि केटररच्या कोटेशनमध्ये ठरून गेलेलं असतं.

ऑगस्ट 2024 च्या बैठकीत विषय निघाला तेव्हा पहिला प्रश्न आला, "मग या वेळी बॅग काय देणार?" यात हसण्यासारखं काही नाही. आमच्याकडे अधिवेशनाची बॅग हा मानाचा भाग असतो. आत पॅड, पेन, स्मरणिका, जाहिरातींची पत्रकं. पण माझ्याच घरी माळ्यावर अशा बॅगांची चळत आहे आणि बैठकीतल्या प्रत्येकाकडे ती होती. मागच्या वर्षीच्या दराने बॅगेचा खर्च एकशेचाळीस रुपये, म्हणजे चारशे जणांचे छप्पन्न हजार. हा आकडा फळ्यावर लिहिल्यावर चर्चा सोपी झाली. बॅग रद्द, नोंदणी शुल्क बाराशेवरून हजार. शुल्क कमी झाल्यावर बॅगेची तक्रार जवळपास थांबली. कोणी हा प्रयोग करणार असेल तर वाचलेल्या पैशातला काही भाग सभासदांना परत दिसू द्या.

'कापडी पिशवी तरी देऊ' अशी सूचना आली होती. बाजारात स्वस्तात मिळणारी जी पिशवी कापडासारखी दिसते, ती बहुतेक वेळा नॉन-वोव्हन असते, म्हणजे पॉलिप्रॉपिलीन. तिचा एक धागा ओढून काडीपेटीच्या ज्योतीवर धरला की तो वितळून काळा गोळा होतो. सुताचा धागा जळून राख होते. बैठकीतच हे करून दाखवलं. शिक्षकांना प्रयोग पटतो.

सप्टेंबरमध्ये परिपत्रक काढलं आणि सोबत ऑनलाइन नोंदणीचा फॉर्म. या फॉर्मनेच आमचं निम्मं काम केलं. नाव-शाळेबरोबर त्यात आणखी चार प्रश्न घातले होते. कशाने येणार? कोणकोणत्या वेळचं जेवण घेणार? मुक्काम हवा का? आणि उपस्थितीचं प्रमाणपत्र पीडीएफ चालेल की छापील हवं? शेवटचा प्रश्न किरकोळ वाटेल, पण कर्तव्यरजेसाठी हे प्रमाणपत्र कार्यालयात जोडावं लागतं आणि काही मुख्याध्यापक शाईची सही असलेलंच घेतात. त्यांच्याशी भांडण्यात अर्थ नव्हता. ज्यांनी छापील मागितलं त्या एकशेदहा जणांसाठी तेवढीच छापली, बाकी सगळी ईमेलने गेली.

आता प्रवास. कोणत्याही परिषदेत हवेत जाणाऱ्या कार्बनचा सर्वात मोठा वाटा सहसा प्रवासाचा असतो. पत्रावळ की स्टील यावर तासभर वाद घालून माणसं एकेकटी गाडीने आली तर काय मिळवलं? हिशेब साधा आहे. एक लिटर पेट्रोल जळलं की सुमारे 2.3 किलो कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो. कोल्हापूर ते नाशिक साधारण चारशेचाळीस किलोमीटर. गाडी लिटरला सोळा किलोमीटर देत असेल तर जायला सत्तावीस-अठ्ठावीस लिटर, म्हणजे साठ किलोच्या वर, आणि यायला पुन्हा तेवढाच. तो एका माणसाच्या नावावर जातो की चौघांच्या, हा खरा प्रश्न.

म्हणून आम्ही अधिवेशनाची वेळ गाड्यांच्या वेळापत्रकाला बांधली. मुंबईहून सकाळी सव्वासहाला सुटणारी तपोवन एक्सप्रेस दहाच्या आत नाशिकरोडला येते, तर उद्घाटन अकराला. नांदेडहून येणारी तपोवन संध्याकाळी सहाच्या सुमाराला नाशिकरोडला लागते, म्हणून परभणी, जालना, संभाजीनगरच्या मंडळींची शुक्रवारपासूनच उतरण्याची सोय ठेवली. रविवारी समारोप साडेतीनला संपवला, म्हणजे मुंबईकरांना त्याच गाडीने परतता आलं. पाहुण्यांची भाषणं लांबली तर हे सगळं कोलमडतं, त्यामुळे सूत्रसंचालकाला वेळेचे पूर्ण अधिकार दिले होते आणि पाहुण्यांना पत्रातच तसं कळवलं होतं.

पुणे-नाशिक मार्गाला थेट रेल्वेचा आधार नाही. तिथे एसटीची विजेवरची ई-शिवाई आहे. मार्च 2023 पासून महिलांना एसटीत अर्धं तिकीट आहे आणि आमच्या सभासदांत जवळजवळ निम्म्या महिला, ही गोष्ट परिपत्रकात ठळक छापली. ज्यांना गाडीनेच यायचं होतं त्यांचे जिल्हावार व्हॉट्सअॅप गट करून दिले. नाशिकरोड स्टेशन ते कार्यक्रमाची शाळा हे अंतर नऊ-दहा किलोमीटर आहे. त्यासाठी खासगी गाड्या न लावता सिटीलिंकच्या बसचे मार्ग आणि वेळा कळवल्या. स्टेशनबाहेर दोन स्थानिक शिक्षक उभे केले होते. नव्या गावात बसमध्ये चढायला माणसं बिचकतात, कोणीतरी 'हीच बस' म्हणालं की चढतात. शेवटी निम्म्याहून अधिक लोक रेल्वेने किंवा एसटीने आले. गाडीने आलेल्यांतही एकेकटे आलेले फार थोडे होते.

मुक्कामासाठी हॉटेल घेतलं नाही. साठ-सत्तर पाहुणे आमच्या इथल्या शिक्षकांच्या घरी उतरले, बाकीचे एका वसतिगृहात. जानेवारीत नाशिकची थंडी चांगलीच असते, त्यामुळे पांघरुणं आणि कानटोपी आणा असंही परिपत्रकात लिहिलं होतं. थंडीचा फायदा असा की सभागृहाला एसी लागला नाही, पंखेही फारसे लागले नाहीत. अधिवेशन मेमध्ये घेतलं असतं तर कूलर आणि जनरेटर आलेच असते. तारीख निवडताना हाही विचार करावा असं मला वाटतं.

15 ऑक्टोबरला विधानसभा निवडणुकीची आचारसंहिता लागली आणि काम दीड महिना जवळजवळ ठप्प झालं. निम्मे शिक्षक निवडणूक ड्युटीवर, प्रशिक्षणं, शाळेत मतदान केंद्र. निकाल 23 नोव्हेंबरला लागला. त्यानंतर डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात खऱ्या अर्थाने कोटेशनं मागवायला लागलो. मनावर ताण होता. या काळात दोनदा 'जाऊ दे, नेहमीसारखं करू' असं सगळ्यांच्या मनात आलं.

केटररचा भाग सर्वात अवघड गेला. पहिल्या दोघांनी स्टीलच्या ताटांना सरळ नकार दिला. एकाचं म्हणणं अगदी रास्त होतं: "मॅडम, माझ्याकडे धुणारी माणसं नाहीत. चारशे ताटं तीनदा धुवायची म्हणजे वेगळी टीम लागते. पाणी कुठून देणार? आणि ताट हरवलं तर भरणार कोण?" त्यांनी सुपारीच्या पानांच्या प्लेटा सुचवल्या. त्या वाईट नाहीत, पण लांबून येतात आणि एकदा वापरून फेकल्या जातात. चंदेरी मुलामा दिलेल्या कागदी पत्रावळी आणि द्रोण मात्र घेऊच नका. त्यावर प्लास्टिकचा पातळ थर असतो, त्यामुळे त्या खतातही जात नाहीत आणि रद्दीतही जात नाहीत. चहाच्या कागदी कपाचं तेच. आतून प्लास्टिकचं अस्तर असतं आणि गरम चहात त्याचे सूक्ष्म कण उतरतात. आयआयटी खरगपूरच्या संशोधकांना 2020 मध्ये शंभर मिलिलिटर गरम पाण्यात पंधरा मिनिटांत असे सुमारे पंचवीस हजार कण सापडले होते. हा आकडा परिपत्रकात दिला आणि खाली विनंती केली: येताना आपापला पेला आणा. अर्ध्याहून जास्त लोकांनी आणला. उरलेल्यांसाठी चिनी मातीचे कप भाड्याने घेतले.

तिसरे केटरर तयार झाले, कारण आम्ही त्यांच्या तिन्ही अडचणींची उत्तरं लेखी दिली. ताटं भांडीवाल्याकडून आम्ही आणणार. धुण्याची माणसं आमची. हरवलेल्याची भरपाई आमची. त्यांनी फक्त स्वयंपाक करायचा आणि वाढायचं. करारात आम्ही तीन वाक्यं घालून घेतली. एकदाच वापरायची कोणतीही वस्तू आवारात आणायची नाही. जेवणाऱ्यांचा पक्का आकडा सकाळी नऊला देऊ, त्यापेक्षा पाच टक्क्यांहून जास्त स्वयंपाक करायचा नाही. आणि बिल किमान हमीच्या आकड्यावर (कमी लोक जेवले तरी जेवढ्या ताटांचे पैसे द्यावेच लागतात) न होता प्रत्यक्ष ताटांवर होईल. शेवटच्या वाक्यासाठी त्यांनी ताटामागे दहा रुपये वाढवून मागितले, दोनशेवीसचे दोनशेतीस. आम्ही दिले. किमान हमी असली की केटरर भरपूर रांधतो, त्यात त्याचाही दोष नसतो.

खर्चाची तुलना अशी. ताट, दोन वाट्या, चमचा आणि पेला यांच्या संचाला दिवसाला नऊ रुपये, म्हणजे चारशे संचांचे दोन दिवसांचे 7,200. धुणाऱ्या सहा मावशी, प्रत्येकी रोज आठशे, दोन दिवसांचे 9,600. एकूण 16,800. सुपारीच्या प्लेटा आणि कागदी कपांचं कोटेशन 15,120 होतं. म्हणजे स्टील सोळाशेऐंशी रुपयांनी महाग पडलं. 'पर्यावरणपूरक केलं की स्वस्तच पडतं' असं मी म्हणणार नाही. पण हे नऊ हजार सहाशे रुपये शाळेजवळच्या वस्तीतल्या सहा घरांत गेले आणि दोन दिवसांच्या शेवटी ताटं-कपांपैकी टाकायला काही उरलं नाही.

पाण्याचा प्रश्न आम्हालाही पडला होता. ताटं धुवायला पाणी लागतंच. मावशींपैकी ज्या सर्वात अनुभवी होत्या, त्यांनीच उपाय सांगितला. नळाखाली एकेक ताट न धरता तीन घमेली मांडायची: पहिल्यात खरकटं काढून बुडवायचं, दुसऱ्यात घासायचं, तिसऱ्यात विसळायचं. पहिल्यातलं पाणी घाण झालं की ओतायचं आणि दुसऱ्यातलं पहिल्यात घ्यायचं. ओतलेलं पाणी मैदानाच्या कडेच्या नारळांना आणि बदामाला चर खणून सोडलं.

पिण्याच्या पाण्यावरून भीती जास्त होती. दोनशे मिलिलिटरच्या छोट्या बाटल्या ही आता सभा-समारंभांची सवयच झाली आहे. अर्ध्या पिऊन खुर्चीखाली सोडलेल्या. आम्ही शाळेची टाकी आठवडाभर आधी धुऊन घेतली आणि नळ बसवलेली स्टीलची पिंपं सहा ठिकाणी ठेवली. विश्वास कसा बसवायचा? दोन्ही दिवशी सकाळी पिंपाशेजारी टेबल मांडून सगळ्यांसमोर ओटी टेस्ट केली. परीक्षानळीत पाणी, त्यात ऑर्थोटोलिडिनचे थेंब, आणि पाणी फिकट पिवळं झालं की त्यात क्लोरीन शिल्लक आहे. रंगपट्टीशी ताडून लिटरला किमान 0.2 मिलिग्रॅम दिसायला हवं. एक बारकावा: नमुना टाकीतून न घेता सर्वात लांबच्या नळाचा घ्या, कारण क्लोरीन वाटेत कमी होत जातो. तपासलेलं पाणी ओतून टाकायचं, प्यायचं नाही. शनिवारी सकाळी दहावीतल्या एका मुलीने ही नळी उन्हाकडे धरून दाखवली तेव्हा भोवती घोळका जमला. त्यानंतर बाटलीचं नाव कोणी काढलं नाही.

आता फ्लेक्स. जुलै 2022 पासून देशात एकदाच वापरायच्या काही प्लास्टिक वस्तूंवर बंदी आहे. शंभर मायक्रॉनपेक्षा पातळ पीव्हीसी बॅनर त्यात येतो, सजावटीचं थर्माकोलही येतं. महाराष्ट्रात तर त्याआधीच, 23 मार्च 2018 च्या अधिसूचनेने बंदी आली होती आणि पहिल्या गुन्ह्याला पाच हजारांचा दंड आहे. जाड फ्लेक्स कायद्यात बसतो म्हणून तो चांगला असं नाही. दोन दिवसांनी त्याचं करायचं काय, हा प्रश्न उरतोच.

आम्ही पेंटर शोधायला निघालो. फ्लेक्स आल्यापासून या लोकांचं काम गेलं. जुन्या बाजारात दुकानांच्या पाट्या रंगवणारे एक काका सापडले, वय सत्तरच्या पुढे. मांजरपाटाचं वीस फुटी कापड त्यांनी शाळेच्या व्हरांड्यात ताणून बांधलं, त्याला खळ दिली आणि वाळू दिलं. मग सुतळीला खडूची पूड लावून टणकन झटका मारला, की कापडावर सरळ रेघ. त्या दोन रेघांमध्ये शिरोरेखा बसवून त्यांनी हाताने अक्षरं सोडली, कुठेही मापपट्टी नाही. 'अधिवेशन' मधला 'धि' करताना वेलांटी त्यांनी एका श्वासात ओढली आणि मागे सरकून पाहिली. मधल्या सुट्टीत मुलं डबे हातात धरून बघत उभी होती. मोठा बॅनर 3,200 रुपये आणि लहान सहा पाट्या मिळून 2,400. फ्लेक्स यापेक्षा स्वस्त पडला असता, हे खरं.

बॅनरवर सन, क्रमांक आणि गाव लिहून घेतलं नाही. फक्त मंडळाचं नाव आणि 'राज्य अधिवेशन'. तारखेची वेगळी पट्टी टाचणीने लावली. त्यामुळे तोच बॅनर पुढच्या वर्षी चालेल. बिल्ल्यांचंही तसंच. जुन्या वह्यांचे पुठ्ठे कापून त्यावर नाव, सुताची नाडी, आणि जाताना दारातल्या टोपलीत परत.

परवानग्यांसाठी डिसेंबरचा शेवट आणि जानेवारीचा पहिला आठवडा गेला. शाळेच्या मैदानावर मांडव होता, म्हणून पोलीस ठाण्याकडे ध्वनिक्षेपकाचा अर्ज, सोबत शाळेचं ना-हरकत पत्र. यापलीकडचा एक अर्ज बहुतेक आयोजकांना माहीत नसतो. तेव्हा लागू असलेल्या घनकचरा व्यवस्थापन नियम 2016 मधल्या नियम 4 प्रमाणे, परवानाधारक कार्यालय नसलेल्या जागी शंभरांहून जास्त माणसांचा कार्यक्रम असेल तर स्थानिक संस्थेला किमान तीन कामाचे दिवस आधी कळवावं लागायचं, आणि कचरा वेगवेगळा करून देण्याची जबाबदारी आयोजकाची असायची. आम्ही 6 जानेवारीला विभागीय कार्यालयात पत्र दिलं, आवक क्रमांक घेतला. स्वच्छता निरीक्षकांचा फोन आला, त्यांनी जागा पाहिली आणि घंटागाडी दोन्ही दिवशी संध्याकाळी पाचला येईल असं ठरवून दिलं. कायद्याचा भाग म्हणून दिलेल्या पत्राचा असा उपयोग झाला. नाहीतर रविवारी संध्याकाळी साठलेलं सगळं सोमवारपर्यंत पडून राहिलं असतं.

विजेसाठी जनरेटर न घेता महावितरणची तात्पुरती जोडणी घेतली. ऑनलाइन अर्ज, परवानाधारक ठेकेदाराचा चाचणी अहवाल आणि अनामत. अनामत नंतर वापराचे पैसे वजा होऊन परत मिळते, पण ती आधी भरण्याइतके पैसे हाताशी हवेत. मंडपवाल्याने जनरेटर आणा असा बराच आग्रह केला. एक लिटर डिझेल म्हणजे 2.68 किलो कार्बन डायऑक्साइड, शिवाय दिवसभर आवाज आणि धूर भाषणाच्या शेजारी. लाइट गेली तर काय, ही त्यांची शंका योग्य होती, म्हणून फक्त माइकसाठी बॅटरीवरचा एक संच ठेवला. तो लागला नाही.

प्रत्यक्ष दोन दिवसांविषयी थोडक्यातच लिहिते. शनिवारी सकाळी एका पुरस्कर्त्याचा टेम्पो वीस फुटी फ्लेक्स घेऊन दारात उभा. त्यांना डिसेंबरमध्येच पत्र दिलं होतं, पण ते पत्र आणि फ्लेक्स छापणारा विभाग यांची गाठ पडली नसावी. आम्ही तो उतरवून घेतला नाही. त्याऐवजी त्यांचं नाव काकांनी तासाभरात कापडी पट्टीवर लिहून दिलं. पाहुण्यांसोबत आलेल्या मंडळींनी गुच्छ आणले होते, प्रत्येक गुच्छाला चकचकीत प्लास्टिक. दारातच आमच्या हरित सेनेच्या मुलांनी ते अदबीने सोडवून बाजूला ठेवलं. मंडळाकडून पाहुण्यांना सुरगाण्याच्या बचत गटाचं नागलीचं पीठ आणि भगर, सुती पिशवीत. तीन पाहुण्यांनी नंतर फोन करून आणखी कुठे मिळेल म्हणून विचारलं.

जेवण हंगामाचं ठेवलं होतं: वालपापडी, ओल्या हरभऱ्याची उसळ, नागलीची भाकरी, ठेचा, भात-आमटी, पेरू. शनिवारी दुपारी उष्टं वजन केलं तर एकतीस किलो भरलं. निम्म्याहून जास्त भात. वाढपी मोठ्या डावाने एकदाच भरपूर वाढत होते. संध्याकाळी डाव बदलून लहान पळी दिली, 'थोडं थोडं, पुन्हा पुन्हा' असं वाढप्यांना बजावलं, आणि दुपारचं उष्टं भरलेली बादली वजनाच्या आकड्यासह रांगेच्या सुरुवातीला ठेवली. रविवारी दुपारी उष्टं चौदा किलो. तेवढ्याच ताटांना.

शनिवारी रात्री वाट्या धुऊन होण्याआधीच दुसरी पंगत बसली आणि वाढणाऱ्या एका मुलाने कुठूनतरी चंदेरी द्रोणांचा गठ्ठा काढला. करारातलं वाक्य इथे कामाला आलं. केटररनीच तो परत गाडीत ठेवायला लावला. लोक दहा-बारा मिनिटं थांबले, दोन-तीन शिक्षिका उठून मावशींच्या मदतीला गेल्या. कोणी कुरकुर केली नाही.

कचऱ्याच्या जागी फक्त पेट्या ठेवल्या नाहीत, प्रत्येक ठिकाणी दोन मुलं उभी केली, तासाला बदलून. ओला, सुका आणि 'कळत नाही' अशी तिसरी बादली. ही तिसरी बादली जरूर ठेवा. ती नसेल तर कळत नसलेली वस्तू ओल्यात जाते आणि सगळं बिघडतं. दोन दिवसांत घंटागाडीला दिलेला सुका कचरा अकरा किलो, त्यात पाहुण्यांच्या गुच्छांचं प्लास्टिक, बाहेरून आलेली बिस्किटांची वेष्टनं आणि मांडववाल्यांच्या सुतळ्या-टेपा. ओला कचरा शाळेच्याच खड्ड्यात, वाळक्या पाल्याच्या थरांमध्ये. तेलकट, खारट शिजलेलं अन्न एकदम टाकलं तर कुजताना वास मारतं, म्हणून एक थर अन्न आणि त्याच्या तिप्पट पाला, दर चार दिवसांनी उलथापालथ. हे लिहिताना, मार्च 2025 मध्ये, खड्डा निम्म्याने खाली बसला आहे, पण खत अजून तयार नाही. भाकरीचे तुकडे ओळखू येतात.

भांडी परत करताना तीन ताटं आणि अकरा चमचे कमी भरले. भरपाई 865 रुपये. हिशेबाचं एक सांगते, कारण फेब्रुवारीत लेखापरीक्षकांनी नेमकं तेच विचारलं. पेंटर काका, धुणाऱ्या मावशी, बचत गट, यांच्याकडे छापील बिल नसतं. आम्ही पहिल्या दिवसापासून व्हाउचर केलं, त्यावर काम, दर, तारीख आणि सही किंवा अंगठा. पाच हजारांवरच्या पावतीला एक रुपयाचं रेव्हेन्यू स्टॅम्प. हे नीट ठेवलं नाही तर पुढच्या वर्षीचे पदाधिकारी 'बिल देणाराच हवा' म्हणून पुन्हा फ्लेक्सवाल्याकडे जातील.

एकूण खर्च मागच्या अधिवेशनापेक्षा कमी झाला. स्टील, मावशी, पेंटर, कप यांना जास्त लागले. बॅग, बाटल्या, जनरेटर, छपाई यांत त्याच्या कितीतरी पट वाचले. जिथे अजून समाधान नाही ती जागा म्हणजे प्रवास. विदर्भातल्या मंडळींना दोन दिवसांच्या कार्यक्रमासाठी दोन रात्री गाडीत काढाव्या लागल्या. कार्यकारिणीपुढे प्रस्ताव ठेवला आहे की राज्य अधिवेशन एक वर्षाआड घ्यावं आणि मधल्या वर्षी विभागवार मेळावे व्हावेत. काहींना तो पटलेला नाही. वर्षातून एकदा सगळे भेटतात, तेच जर गेलं तर संघटना कशाची, असं त्यांचं म्हणणं आहे आणि ते मलाही खोडता येत नाही. निर्णय जूनच्या बैठकीत होईल. बॅनर, पाट्या, बिल्ल्यांची टोपली आणि पिंपांचे नळ एका पेटीत भरून पुढच्या यजमान जिल्ह्याकडे पाठवायला काढून ठेवले आहेत.

महापालिकेला दिलेल्या पत्राचा मसुदा अनेकांनी मागितला, तो असा. नगरपालिका किंवा ग्रामपंचायत असेल तर पत्ता बदलून घ्या, दोन प्रती न्या आणि दुसरीवर शिक्का-तारीख घेतल्याशिवाय निघू नका.

"प्रति, विभागीय अधिकारी, घनकचरा व्यवस्थापन विभाग. विषय: शंभरहून अधिक व्यक्तींच्या कार्यक्रमाची पूर्वसूचना. महोदय, आमच्या संस्थेचे अधिवेशन दिनांक ____ ते ____ या काळात ____ येथील मैदानावर होणार असून अंदाजे ____ व्यक्ती उपस्थित राहतील. सध्या लागू असलेल्या घनकचरा व्यवस्थापन नियमांनुसार ही सूचना देत आहोत. कार्यक्रमस्थळी ओला व सुका कचरा वेगळा केला जाईल. ओल्या कचऱ्याची विल्हेवाट आवारातील खतखड्ड्यात केली जाईल. सुका कचरा नेण्यासाठी वाहनाची वेळ कळवावी, ही विनंती. या कामासाठी आमच्याकडून जबाबदार व्यक्ती: ____, मोबाइल: ____. सोबत: जागेच्या मालकाचे ना-हरकत पत्र."